श्रवणभक्ती आणि घरातले बोलणे

नऊ भक्तींची नावे विचारली तर वारकऱ्याच्या घरातले लहान पोरही पहिले नाव श्रवणाचे घेते. प्रल्हादाने हिरण्यकशिपूला ज्या नऊ सांगितल्या, त्यांत कीर्तनाचा क्रम दुसरा, श्रवण पहिले. आम्ही गेली चाळीस वर्षे दुसऱ्या क्रमांकाच्या भक्तीवर पोट भरीत आलो. म्हणजे आम्ही बोलतो, लोक ऐकतात. त्यामुळे श्रवण हे दुसऱ्यांनी करावयाचे काम आहे अशी आमची समजूत केव्हा होऊन बसली, ते आम्हांस कळलेही नाही. अकोट तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने ती मोडली. ती हकीकत आधी सांगतो. शास्त्राकडे मागाहून वळू.

खारपाणपट्ट्याच्या अगदी काठावर एक गाव आहे. नाव सांगत नाही. दोष आमचा, गावाची बदनामी कशाला? पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून हा खाऱ्या पाण्याचा पट्टा गेलेला आहे, हे वऱ्हाडच्या वाचकांस सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढेच, की जमिनीखाली पाणी असून ते तोंडात धरवत नाही. काठावरच्या गावांची तऱ्हा आणखी न्यारी. एका वावरात गोड पाणी, तर धुऱ्यापलीकडे खारे.

या गावी सप्ताहातले काल्याचे कीर्तन आमच्याकडे होते. काला झाला, पंगती उठल्या, आणि मंडळी सभामंडपात बसली. देवळासाठी बोअर घ्यायचे होते. वर्गणी जमलेली होती. पाणाड्याने हातावर नारळ धरून देवळामागचा कोपरा दाखविला होता. आता महाराजांच्या तोंडून होकार पडला की झाले, असा थाट. इतक्यात बायकांच्या बाजूने, खांबाला टेकून बसलेली एक म्हातारी म्हणाली, "महाराज, थ्या कोपऱ्यात आंदी आड होता जी. थ्या आडाच्या पान्यात..."

एकजण म्हणाला, "मावशी, पाणाड्यानं पाह्यलं ना." दुसरा म्हणाला, "बायायले बोअरमधलं काय समजते?" येथवर गावकऱ्यांचे. पुढचे आमचे. आमच्या हातात माइक होता आणि काल्याच्या कीर्तनाची धुंदी उतरलेली नव्हती. आम्ही म्हणालो, "माउली, तुम्ही स्वयंपाक पाहा, पाणी आम्ही पाहतो." सगळा मंडप हसला. कीर्तनकाराला हशा आवडतो, खोटे कशाला बोला? म्हातारी पदर सावरून गप्प बसली. तिचे वाक्य 'पान्यात' या शब्दापाशी लोंबकळत राहिले, आणि आम्ही नारळ फोडायला उठलो.

पुढच्या वर्षी त्याच गावी पुन्हा काल्याचे कीर्तन. बोअरला पाणी भरपूर लागले होते. कीर्तन आटोपून दुपारी स्वयंपाकाच्या जागी गेलो, तर आचारी कपाळाला हात लावून बसलेला. पहाटे चुलाणावर चढविलेली तुरीची डाळ दुपार झाली तरी तशीच टणक. पाण्यात चुन्याचे क्षार जास्त असले म्हणजे डाळीचा दाणा मऊ होत नाही, मग खाली कितीही जाळ करा. देवळापुढची तुळसही त्या पाण्याने वाळून गेली होती. तेवढ्यात तीच म्हातारी लाकडांचा भारा घेऊन आली. तिने आम्हांस ओळखले, भारा खाली ठेवून नमस्कार केला आणि वर्षापूर्वीचे वाक्य जिथे तुटले होते तिथून पुरे केले. "सासूबाई सांगे, थ्या आडाच्या पान्यात डाय शिजत नाई, म्हनूनच बुजवला थो. मी तं तवाच सांगत होती जी."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. गावाची सगळी वर्गणी ज्या वाक्याने वाचली असती, ते बोलून पुरे व्हायला तिला पाच पळेही लागली नसती. शिवाय आम्ही तिला सांगितले होते काय, तर स्वयंपाक पाहा. ती स्वयंपाकच पाहत होती. त्या गावात पाण्याची खरी परीक्षा चुलीवर होते, हे तिला ठाऊक होते. आम्ही मात्र नारळाकडे पाहत होतो.

आता शास्त्र. लहानपणी आम्ही पाठशाळेत न्याय शिकलो. गुरुजींची शिस्त अशी, की पूर्वपक्ष पुरता मांडल्याखेरीज सिद्धांताचे एक अक्षर तोंडातून निघता कामा नये. प्रतिपक्ष्याला त्याची बाजू जितकी चांगली मांडता येईल, त्याहून चांगली ती तुम्ही मांडून दाखवा, मग खंडन करा. गौतममुनींनी वादात हार कशाने होते त्याची बावीस स्थाने सांगितली आहेत. त्यांत एकाचे नाव 'अननुभाषण'. समोरच्याने तीनदा सांगितले, सभेला समजले, आणि तरीही तुम्हांला ते त्याच्यामागून म्हणून दाखविता आले नाही, की तुम्ही हरलात. तुमचे मत खरे की खोटे हा प्रश्नच तेथे येत नाही. हे सूत्र आम्ही विद्यार्थ्यांना कितीदा शिकविले असेल. त्या मंडपात आम्ही याच नियमाने हरलो होतो, आणि वर हशाही घेतला होता.

येथे कोणी म्हणेल (आणि पूर्वपक्ष आम्ही पुरता मांडणार), की महाराज, मध्येच तोंड घालायची खोड काय पुरुषांनाच आहे? पाणवठ्यावर चार बायका जमल्या की चौघी एकदम बोलतात, त्याचे काय?

बोलतात, खरे आहे. आम्हीही पूर्वी त्यावर कीर्तनात नकला करीत असू. पण नीट ऐका, दोन प्रकार निराळे आहेत. कीर्तनात आमच्यामागे टाळकरी उभे असतात. आम्ही चरण अर्धा उच्चारला की ते तो आमच्या तोंडातून उचलतात आणि वर नेतात. त्याला आपण री ओढणे म्हणतो. आमचा दम वाचतो, चरणाला जोर येतो. त्यांनी आमचे बोलणे तोडले असे कोणी म्हणेल काय? आणि आम्ही एक अभंग घेतला असता एखाद्या टाळकऱ्याने दुसराच सुरू केला, तर विणेकरी त्याच्याकडे कसा पाहील ते सांगायला नको. जात्यावरही तसेच. दोघीजणी समोरासमोर बसून खुंटा ओढीत. एकीने ओवीची पहिली ओळ काढावी, दुसरीने ती उचलावी, आणि पीठ पडत राहावे. जाती बंद पडली तरी त्या ओव्या गेल्या नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हॅं या दोघांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. पाणवठ्यावरच्या बोलण्यात पुष्कळदा हीच जात्याची चाल असते. एकीच्या बोलण्यात दुसरीचे मिसळते, पण विषय पहिलीचाच चालतो. आम्ही त्या म्हातारीचा चरण उचलला नाही. आम्ही तिच्या तोंडावर आपला अभंग सुरू केला.

आमची नात अमरावतीस समाजशास्त्र शिकते. तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, आजोबा, याची मोजदाद झालेली आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात डॉन झिमरमन आणि कँडेस वेस्ट या दोघा अभ्यासकांनी लोकांची साधी बोलणी टिपून घेऊन १९७५ साली निष्कर्ष छापले. पुरुष आणि स्त्री यांच्या ११ संभाषणांत मिळून ४८ वेळा एकाने दुसऱ्याचे बोलणे तोडले होते. त्यांतले ४६ वेळा तोडणारा पुरुष. आम्ही खूश झालो. कीर्तनात सांगायला दाखला झाला! पण नात पक्की. ती म्हणाली, अर्धेच सांगू नका. पुढे इतरांनीही असेच मोजले, तेव्हा सगळीकडे हिशेब इतका एकतर्फी निघाला नाही. कुठे दोघे सारखे, कुठे काही फरकच नाही. ठिकाण कोणते, विषय कोणता, अधिकार कोणाचा, मध्ये बोलणारा साथ देतो की गप्प करतो, यावर पुष्कळ अवलंबून आहे. म्हणजे पुरुषाच्या जिभेचा धर्मच तोडण्याचा आहे असे सिद्ध होत नाही. आम्हांस हे ऐकून बरे वाटले नाही. जिभेचा धर्म असता तर आमची सुटका होती. आता तो नुसता आमचा हट्ट ठरला.

बोलणे तुटलेली बाई पुढे काय करते? बहुतेक वेळा गप्प बसते. बृहदारण्यकाच्या तिसऱ्या अध्यायात जनकाच्या सभेतली गार्गीची कथा आहे. ती याज्ञवल्क्यांना विचारू लागली, हे सगळे पाण्यात ओवलेले, मग पाणी कशात ओवलेले? एकामागून एक लोक विचारीत ती ब्रह्मलोकापर्यंत पोहोचली, तेव्हा याज्ञवल्क्य म्हणाले, गार्गी, फार विचारू नकोस, डोके गळून पडेल. वाचक्नवी गप्प बसली. पुष्कळजण कथा येथेच सोडतात, आणि बायकांनी फार विचारू नये असा अर्थ काढून मोकळे होतात. पण दोनच ब्राह्मणे पुढे सरका. ती पुन्हा उठते. या वेळी आधी सभेची अनुज्ञा मागते. म्हणते, मी यांना दोन प्रश्न विचारते, त्यांची उत्तरे यांनी दिली तर तुमच्यापैकी कोणी यांना जिंकणार नाही. आणि सभा म्हणते, विचार, गार्गी. धनुष्याला बाण लावून उठलेल्या वीरपुत्रासारखी ती उभी राहते, आणि तिच्या त्या दुसऱ्या खेपेच्या प्रश्नांतून अक्षरब्रह्माचा उपदेश बाहेर पडतो. याज्ञवल्क्यांचा मोठेपणा आम्हांस येथे दिसतो. पहिल्याने थांबविले, पण दुसऱ्याने 'झाले ना एकदा' असे म्हटले नाही. प्रश्न पुरा ऐकून घेतला. ती दुसऱ्यांदा उठली नसती, किंवा सभा 'विचार' म्हणाली नसती, तर त्या ठिकाणी उपनिषदाचे एक पान कोरे राहिले असते.

अकोटच्या म्हातारीला मात्र 'विचार, गार्गी' म्हणणारा सभामंडपात एकही निघाला नाही. निघायला हवा होता तो आम्ही.

दूर मिथिलेपर्यंत जायचे कारणही नाही. आपल्या वऱ्हाडात, तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीमातेचे माहेर. तेथून दर आषाढीला तिची पालखी पंढरीला जाते, आणि माहेरची पालखी म्हणून तिचे कौतुक निराळे. भागवताच्या दशमस्कंधात हे घर कसे होते ते पाहा. बाप भीष्मक राजा, पाच भाऊ. मुलगी कृष्णाला द्यावी असे आप्तांच्या मनात होते. थोरल्या भावाने, रुक्मीने, सगळ्यांना थोपविले आणि शिशुपाल ठरविला. बाप मुलाच्या प्रेमापोटी गप्प. आणि जिचे लग्न, तिला कोणी विचारले? एवढ्या मोठ्या राजवाड्यात तिचे वाक्य पुरे होईल अशी एक खोली नव्हती. तेव्हा तिने एका विश्वासू ब्राह्मणाला द्वारकेला पाठविले. निरोपाचे श्लोक सात. पहिल्याच श्लोकात ती म्हणते, तुझे गुण ऐकले आणि माझे चित्त तुझ्या ठायी जडले. पाहा, श्रवणच! शेवटी जाऊन काय करायचे तेही बारकाईने सांगते: लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या दर्शनाला नववधू गावाबाहेर जाते, तेव्हा ये. (ती देवी अमरावतीची अंबामाता, असे अमरावतीकर म्हणतात, कौंडण्यपूरची अंबिका, असे तेथले म्हणतात. आम्ही या भांडणात पडत नाही, दोन्हीकडे कीर्तनाला जातो.)

आम्हांस या कथेत त्या ब्राह्मणाविषयी फार आदर वाटतो. वऱ्हाडातून द्वारका म्हणजे काय थोडी वाट? एवढ्या वाटेत त्याने सात श्लोकांत आपला आठवा घातला नाही. 'मुलगी अजून लहान आहे, पण मला वाटते...' असे म्हटले नाही. जसे घेतले तसे दिले. आणि देवाने? आधी त्या ब्राह्मणाचा सत्कार केला, मग सातही श्लोक शेवटपर्यंत ऐकले. ऐकून झाल्यावर त्याचा हात हाती घेऊन हसून म्हणाला, मलाही तिच्या विचाराने झोप येत नाही. मग रथ जोडला आणि एका रात्रीत विदर्भ गाठला.

मुलीचे लग्न जमावे म्हणून आपण घरोघर नाथांच्या रुक्मिणीस्वयंवराची पारायणे बसवितो. आणि पारायणाला बसलेली ती मुलगी एखाद्या स्थळाविषयी "बाबा, मला..." एवढे म्हणाली, की आपण तिला म्हणतो, तुला काय कळते? म्हणजे पोथी रुक्मिणीची आणि वागणूक रुक्मीची.

आपल्या परंपरेत आणखी एक नवल आहे. संतांनी गौळणी गायल्या, विरहिणी गायल्या. आमच्या अमरावती जिल्ह्यातले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१ ते १९१५) स्वतःस ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत आणि कृष्णपत्नीच्या भावाने सौभाग्यचिन्हे धारण करीत. त्यांचे मधुराद्वैत हा स्वतंत्र विषय, तो आज नको. पण आम्ही पुरुष कीर्तनकार फेटा बांधून, छाती काढून, स्त्रीच्या मुखाने देवाशी बोलतो. देव मध्येच तोडणार नाही याची आम्हांस खात्री असते. नंतर फेटा उतरवून घरी येतो, आणि घरातली खरीखुरी स्त्री बोलू लागली की तिसऱ्या शब्दाला तोडतो. मुक्ताई चौघां भावंडांत सगळ्यांत धाकटी. थोरले ज्ञानदेव रुसून ताटी लावून बसले, ही दारापुढे उभी राहून एकेक अभंग म्हणत राहिली. आतून "मुक्ते, तू लहान आहेस, गप्प बैस" असे आल्याचे कोठे ऐकिवात नाही. ताटी उघडली.

गावच्या कारभारातही हे आता लहान काम राहिलेले नाही. १९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात येऊन पंचायतींत तिसरा हिस्सा जागा बायकांसाठी झाल्या. २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी, असाही कायदा आहे. जागा झाल्या, खुर्च्या झाल्या. पण कित्येक गावी सप्ताहाच्या निमित्ताने आम्ही पाहतो, सरपंचबाईंना नमस्कार करून काही विचारले तर उत्तर शेजारून येते. यजमान बोलतात, बाई मान हलवितात. खुर्ची कायद्याने मिळते. तिच्यावर बसून वाक्य पुरे करू देणे हे मात्र शेजारी बसलेल्याच्या हाती आहे. याउलट गाडगेबाबांचे कीर्तन ज्यांनी ऐकले ते सांगतात, की बाबांचे कीर्तन म्हणजे प्रश्न. विचारायचे आणि लोकांच्या तोंडून उत्तर काढायचे. शेंडगावचा तो पुरुष, शाळेचे तोंड न पाहिलेला. त्याला हे कळले होते. आम्ही बावीस निग्रहस्थाने पाठ केलेले.

असो. घरचे सांगतो आणि थांबतो.

अननुभाषणाची गोष्ट आम्ही जेवताना मोठ्या रसाने नातीला सांगितली. ती म्हणाली, "मग आजी सकाळी काय सांगत होती, म्हणून दाखवा." आम्हांस एवढेच आठवले, की काहीतरी दळणाविषयी होते. ते दळणाविषयी नव्हते. घरातून म्हणणे तीनदा येऊन गेले होते, की मागच्या भिंतीला ओल धरली आहे, पावसाच्या आधी गवंड्याला बोलवा. आणि आम्ही तिन्ही वेळा 'भिंत' शब्दापाशी दुसरेच काढले होते. नातीने मग दोन वाट्या मांडल्या. जो मध्ये तोडील त्याच्या वाटीत तुरीचा एक दाणा. दिवेलागणीपर्यंत आमच्या वाटीत सतरा पडले. आजीच्या वाटीत दोन. त्यांतला एक मांजर दुधात तोंड घालते आहे हे सांगण्यासाठीचा. आम्ही हरकत घेतली, की आमच्या सतरांतले काही तरी री ओढण्यात धरावेत. "कोणते, ते सांगा," असे आले. सांगता आले नाहीत.

त्या रात्री अंगणात बाजा टाकल्या होत्या. घरातून गोष्ट निघाली, कौंडण्यपूरच्या यात्रेची, लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी आम्ही दोघे गेलो होतो त्या वेळची. ही गोष्ट आम्हांस पूर्ण ठाऊक आहे अशी आमची कल्पना. नदीत पाणी किती होते, बैल कुणाचे होते, सगळे आमच्या जिभेवर आले. आम्ही जीभ दातांखाली धरली. आणि गोष्ट पुढे गेली, आमच्या माहितीच्या पलीकडे. परतताना गाडीत आम्ही झोपलो होतो, तेव्हा हिच्या मनात काय काय आले होते, माहेरची आठवण कशी आली, रडे आले ते गाडीवानाला दिसू नये म्हणून पदर कसा घेतला, ते आम्ही चाळीसहून अधिक वर्षांनी पहिल्यांदा ऐकले.

बऱ्याच वेळाने ती थांबली. आम्ही काही बोललो नाही. अंधारात बाजेची सुंभे करकरली, आणि आवाज आला, "झोपले काय जी?"